फायबरच्या प्लॅनमधला ‘मोफत’ फोन: घ्यावा का, कसा घ्यावा

कोल्हापुरात आज घरी फायबरचे इंटरनेट घ्यायचे ठरवले की पत्रकावर वेगाच्या आकड्याखाली ‘अमर्याद कॉल मोफत’ ही ओळ हमखास दिसते. ती मोबाइलविषयी नसून घरातल्या लँडलाइनविषयी असते. ज्या तारेतून इंटरनेट येते तिच्यातूनच आवाजाचीही ने-आण होते आणि ०२३१ ने सुरू होणारा एक स्थिर नंबर घराला मिळतो. प्रथमच जोडणी घेणाऱ्या कुटुंबासमोर मग दोन प्रश्न उभे राहतात: या फोनसाठी आपण दरमहा नकळत काही मोजत आहोत का, आणि मोजत असलो तर ते वसूल होते का. माझे मत आधीच सांगतो. कॉलचे पैसे वाचवण्यासाठी हा फोन घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. घरात किंवा दुकानात तो उचलणारे ठरावीक माणूस असेल तरच त्याला किंमत आहे, आणि ती किती, हे ज्याने त्याने स्वतःच्या हिशेबाने ठरवायचे आहे. तो हिशेब कसा मांडावा, पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे आणि जोडणीच्या दिवशी काय तपासावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

कंपनीला हा फोन मोफत देणे का परवडते

साध्या दर्जाच्या एका कॉलला आवाजासाठी ६४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात आणि इंटरनेटवरून पाठवताना आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला जोडावी लागणारी पत्त्याची वगैरे माहिती धरली तर हा आकडा ९० ते १०० केबीपीएसच्या आसपास जातो. आपला प्लॅन ३० एमबीपीएसचा, म्हणजे ३०,००० केबीपीएसचा असेल तर बोलणे चालू असताना त्यातला तीनशेवा भाग खर्च होतो, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही. दुसरी गोष्ट पैशांची आहे. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात उतरला की पूर्वी पहिलीने दुसरीला मिनिटामागे शुल्क द्यावे लागे. लँडलाइनशी संबंधित कॉलवरचे हे शुल्क ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१५ मध्येच शून्यावर आणले, आणि मोबाइल ते मोबाइल कॉलवर उरलेले मिनिटाला ६ पैसेही १ जानेवारी २०२१ पासून गेले. त्यामुळे आपण दिवसभर बोललो तरी कंपनीच्या खिशातून फारसे काही जात नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही दरम्यान सगळेच बदलले. बीएसएनएलने १ मे २०१५ पासून लँडलाइनवरून रात्री ९ ते सकाळी ७ या वेळेत देशभर मोफत कॉल सुरू केले, तेव्हा ती मोठी सवलत वाटली होती आणि मुंबई-पुण्यातल्या लेकरांना रात्री नऊनंतरच फोन लावण्याची शिस्त अनेक घरांनी पाळली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा सुरू झाली आणि थोड्याच काळात सगळ्या कंपन्यांच्या मोबाइल पॅकमध्ये अमर्याद कॉल आले. जो कॉल खिशातल्या मोबाइलवरूनही वेगळ्या पैशांविना लागतो, तो लँडलाइनवर मोफत मिळाला म्हणून आपली बचत होत नाही. पत्रकावरची ती ओळ वाचताना एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा गोंधळ संपतो.

पहिली पायरी: फोन कोण उचलणार ते ठरवणे

प्लॅनची तुलना करण्यापूर्वी घरात दिवसभर कोण असते ते पाहावे. ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीतल्या ज्या घरांत मुले पुण्याला नोकरीला आहेत आणि वयस्कर आई-वडील दोघेच राहतात, तिथे हा फोन खरोखर उपयोगी पडतो. मोबाइल देवघरात राहतो, त्याचा आवाज बंद झालेला असतो, चार्जिंग संपते, रिचार्जची मुदत टळते. लँडलाइन मात्र एका जागी असते, जोरात वाजते आणि रिसीव्हर उचलण्यापलीकडे काही येण्याची गरज पडत नाही. कानाला कमी ऐकू येणाऱ्या माणसाला काचेच्या पडद्यावर हिरवी खूण सरकवण्यापेक्षा रिसीव्हर कानाला लावणे सोपे जाते. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही अडीअडचणीला तो फोन वापरता येतो. या सोयीला पैशात तोलता येत नसले, तरी तिच्यासाठी आपण किती द्यायला तयार आहोत हे ठरवता येते.

याउलट शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, सागरमाळ किंवा राजेंद्रनगरच्या बाजूला खोली घेऊन राहणाऱ्या तिघा-चौघा विद्यार्थ्यांना या फोनचा काडीचाही उपयोग नाही. दोघेही नोकरीवर जाणाऱ्या जोडप्याच्या घरात तो दिवसभर रिकाम्या खोलीत वाजत राहील. अशा घरांनी फोनसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये आणि केवळ इंटरनेटच्या दर्जावर निवड करावी.

मधला एक वर्ग आहे, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तीत जाड भिंतींच्या घरांत मोबाइलची रेंज आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून लोक लँडलाइन घेण्याचा विचार करतात. त्यांनी आधी मोबाइलच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करून पाहावे. २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे ही सोय मिळू लागली. तिच्यात नेहमीचा मोबाइल नंबर घरच्या वाय-फायवरून चालतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि समोरच्याला काही वेगळे करावे लागत नाही. हँडसेटमध्ये ती सोय आहे का आणि आपली मोबाइल कंपनी ती देते का, एवढे पाहिले की पुरे. रेंजची अडचण अशी सुटत असेल तर लँडलाइनचे मुख्य कारणच उरत नाही.

दुसरी पायरी: प्लॅनमधून फोनची किंमत वेगळी काढणे

बिलावर फोनच्या नावापुढे शून्य छापलेले असते, म्हणून तो आकडा उपयोगाचा नाही. त्याऐवजी आपल्या गल्लीत प्रत्यक्ष मिळणाऱ्या दोन जोडण्या समोर ठेवाव्यात: एक फोनसह आणि दुसरी केवळ इंटरनेटची, जी बहुधा आपल्या भागातल्या केबलवाल्यांकडे असते. दोन्हींचा वेग आणि महिन्याची डेटा मर्यादा सारखी असावी. कारण ‘अमर्याद’ म्हटलेल्या अनेक प्लॅनमध्ये ३३०० जीबीनंतर वेग कमी होतो आणि स्थानिक प्लॅनमध्ये ही मर्यादा वेगळी असू शकते. साधारण कुटुंबाचा वापर या आकड्याच्या आसपासही जात नाही, पण तुलना करताना दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एका प्लॅनमध्ये चित्रपट-मालिकांची ॲप असतील तर आपण ती नाहीतरी विकत घेतली असती का, हे प्रामाणिकपणे पाहून मगच त्यांचे पैसे वजा करावेत.

त्यानंतर कराकडे पाहावे. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या पत्रकावरचा आकडा बहुधा कराशिवायचा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये जिओफायबरने ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांना आणला, तेव्हा ग्राहकाला प्रत्यक्षात ४७० रुपये ८२ पैसे पडत. केबलवाले मात्र सगळे धरून एकच गोल आकडा सांगतात. या फरकाकडे दुर्लक्ष झाले तर तुलना सुरुवातीलाच चुकते.

आता एक हिशेब करून पाहू. यातले आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या भागातले दर घालावेत. समजा, फोनसह प्लॅन ४९९ रुपयांचा आहे. करासह तो ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो. तेवढ्याच वेगाचे फोनशिवायचे इंटरनेट सगळे धरून ४५० रुपयांना मिळते. फरक महिन्याला १३८ रुपये ८२ पैसे, वर्षाला सुमारे १६६६ रुपये. हँडसेट, म्हणजे लँडलाइनचे फोनयंत्र, सहसा आपल्यालाच घ्यावा लागतो, त्याचे ७०० रुपये धरू. लाइट गेल्यावर फोन चालू ठेवणाऱ्या छोट्या यूपीएसचे १५०० धरू. पहिल्या वर्षी फोनपायी ३८६६ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ३२२ रुपये गेले. दुसऱ्या वर्षापासून ते १३९ वर येतील. मोफत म्हटलेल्या वस्तूची ही खरी किंमत झाली.

हाच हिशेब उलटाही निघू शकतो. पुष्कळदा फोनसह आणि फोनशिवाय जोडणीत फरकच नसतो, किंवा आपल्या रस्त्यावर एकच कंपनी पोहोचलेली असते आणि तिच्या सगळ्या प्लॅनमध्ये फोन असतोच. तेव्हा फोनची महिन्याची किंमत शून्य धरावी आणि फक्त हँडसेटचा विचार करावा. घरात एखादा जुना, चालू हँडसेट पडून असेल तर तो लावून पाहण्यात काही जात नाही. नको असलेल्या जाहिरातींचे कॉल येऊ लागले तर १९०९ वर त्याची नोंद करता येते.

बचतीच्या बाजूला काय मांडावे याविषयी लोक एक ठरावीक गणित करतात: लँडलाइन आली, आता वडिलांचा मोबाइल बंद करू. तो बंद करता येत नाही. बँक, आधार, पेन्शन, गॅस या सगळ्यांचे ओटीपी मोबाइलवर एसएमएसने येतात आणि ते लँडलाइनवर घेता येत नाहीत. मोबाइलचा खर्च मात्र कमी करता येतो. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी केलेल्या दुरुस्तीमुळे कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएस असलेले पॅक देणे बंधनकारक झाले आणि जानेवारी २०२५ पासून असे पॅक मिळू लागले. घरात वाय-फाय आहे आणि वडील बाहेर गेल्यावर इंटरनेट वापरत नाहीत, तर डेटाचा पॅक सोडून हा पॅक घ्यावा. पण ही बचत वाय-फायमुळे झाली, फोनमुळे नव्हे; केबलवाल्यांचे साधे इंटरनेट घेतले असते तरी ती झालीच असती. हिशेबात ती फोनच्या खात्यावर टाकू नये.

लँडलाइनचा खरा प्रतिस्पर्धीही याच पॅकमध्ये आहे. मोठ्या बटणांचा, मोठ्या आवाजाचा साधा मोबाइल घेऊन त्यात असा पॅक टाकला आणि तो एका जागी चार्जिंगला लावून ठेवला, तर तो बराचसा लँडलाइनचेच काम करतो; शिवाय त्याची बॅटरी त्याच्याजवळ असते आणि घर सोडायची वेळ आली तर तो सोबत नेता येतो. माझ्या मते वयस्कर माणसांच्या घरात लँडलाइनसाठी करासह महिन्याला शंभर रुपयांपर्यंत फरक पडत असेल तर तो द्यावा. फरक दीडशेच्या वर जात असेल तर आधी असा साधा मोबाइल वापरून पाहावा आणि मगच ठरवावे.

तिसरी पायरी: लाइट गेल्यावर काय होते ते समजून घेणे

या फोनची सर्वांत मोठी उणीव इथे आहे आणि विक्रीला आलेला माणूस तिच्याविषयी सहसा बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधल्या (टेलिफोन केंद्रातल्या) बॅटऱ्यांवरून सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच तारेतून मिळत असे. गल्लीत अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की डायलटोन येत असे, तो यामुळे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवर बसवलेली ओएनटी नावाची पेटी तो प्रकाश ओळखून त्याचे इंटरनेटमध्ये आणि फोनच्या आवाजात रूपांतर करते, आणि ती घरातल्या विजेवर चालते. महावितरणचा पुरवठा थांबला की ती पेटी बंद पडते आणि तिच्याबरोबर फोनही.

यावर उपाय आहे, पण तो आपल्याला स्वतः करावा लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते वायरमनकडून पाहून घ्यावे. पुष्कळ घरांत पंखे आणि दिवे त्या लाइनवर असतात, पण टीव्हीशेजारचे सॉकेट नसते. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्यावा. घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवर छापलेले आकडे वाचावेत: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात. ओएनटी आणि वाय-फाय राउटर या दोन वेगळ्या पेट्या असतील तर फोनसाठी ओएनटी चालू राहणे महत्त्वाचे आहे, म्हणून यूपीएसची एकच वायर असेल तर ती तिला द्यावी. हँडसेट साधा, तारेचा घ्यावा. तारेच्या हँडसेटला लागणारी थोडीशी वीज ओएनटीकडूनच मिळते. कॉर्डलेस फोनच्या तळपेटीला मात्र स्वतःचा अडॅप्टर असतो, आणि लाइट गेली की यूपीएस असूनही तो मुका होतो.

एवढे करूनही फोन बंद पडत असेल तर दोष घराबाहेर शोधावा. घरापर्यंत खरोखर फायबर आली असेल आणि वाटेत फक्त प्रकाश विभागणारा स्प्लिटर असेल, तर त्या स्प्लिटरला वीज लागत नाही. एक्स्चेंजची बॅटरी चालू असेपर्यंत आपला फोन चालू राहतो. पण काही इमारतींत फायबर जिन्यातल्या पेटीपर्यंतच येते आणि तिथून पुढे प्रत्येक फ्लॅटला लॅनची (संगणक जोडतात तशी तांब्याची) वायर जाते. जिन्यातल्या त्या स्विचला इमारतीची वीज लागते. आपल्या घरात येणारी तार बारीक फायबर आहे की जाड लॅन वायर, हे पाहिले की आपण कोणत्या प्रकारात आहोत ते कळते. दुसऱ्या प्रकारात घरातला यूपीएस एकटा पुरत नाही. जिन्यातल्या स्विचलाही बॅटरी हवी, आणि ती बसवण्याचे काम जोडणी देणाऱ्याचे आहे.

एक सवय या फोनच्या आड येते. रात्री झोपताना राउटर बंद करण्याची अनेक घरांत पद्धत आहे. ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतील तर त्या बटणासरशी लँडलाइनही बंद होते, म्हणजे ज्या वयस्कर माणसांसाठी फोन घेतला त्यांनाच रात्री तो मिळत नाही. ही पेटी महिन्याला साधारण सात-आठ युनिट वीज घेते. तेवढी चालू द्यावी.

पुराचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पंचगंगेचे महापूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी वेगळी सांगायला नको. पाणी शिरलेल्या भागात सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद करावा लागतो, आणि फायबर स्वतः पाण्याने खराब होत नसली तरी तिच्या दोन्ही टोकांची यंत्रे विजेवर चालतात. छोटा यूपीएस काही तास पुरतो, काही दिवस नाही. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळीचा सखल भाग किंवा नदीकाठची चिखली, आंबेवाडी अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी हा फोन आणीबाणीसाठी धरू नये. पावसाळ्यात चार्ज केलेली पॉवर बँक आणि वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिमकार्डे घरात ठेवावीत. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि सर्व आणीबाणीचा ११२ हे दोन नंबर मोबाइलमध्येही साठवून ठेवावेत.

चौथी पायरी: पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न नंबरचा. मोबाइल नंबर २०११ पासून कंपनी बदलूनही आपल्याकडे ठेवता येतो. लँडलाइनला ही सोय नाही. उद्या ही कंपनी सोडली तर ०२३१ चा हा नंबरही सुटतो. म्हणून तो मुलांच्या शाळेत, दवाखान्यात, नातेवाइकांकडे देण्यापूर्वी आपण या कंपनीकडे किती काळ राहणार याचा अंदाज घ्यावा. घरात बीएसएनएलचा तांब्याच्या तारेवरचा जुना नंबर असेल, तर तोच नंबर ठेवून फायबरवर जाता येईल का हे त्यांच्या कार्यालयात आधी विचारावे. विचारण्यापूर्वी जुनी जोडणी परत करू नये. बीएसएनएलची फायबर अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालकांमार्फत बसवली जाते, त्यामुळे तक्रार आल्यावर दुरुस्तीला येणारा माणूस कोणाचा असेल आणि तो रविवारी येतो का, हेही तिथेच विचारून घ्यावे. कोल्हापुरात रस्ता खणला की फायबर तुटते हे ठरलेले आहे. ती किती तासांत जोडली जाते यावरच फोनचा भरवसा अवलंबून असतो, आणि या प्रश्नाचे खरे उत्तर कंपनीपेक्षा शेजारी अधिक चांगले देतात.

दुसरा प्रश्न परदेशी कॉलचा. ‘अमर्याद’ या शब्दात भारतातले कॉल येतात. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मुलाला लावलेल्या कॉलचे पैसे वेगळे लागतात. आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल लावण्याची सोय, बंद ठेवून घ्यावी आणि तिकडून आलेला कॉल उचलावा, किंवा वाय-फायवरून व्हॉट्सॲपवर बोलावे.

तिसरा प्रश्न मुदतीचा. प्लॅन प्रीपेड असेल आणि भरण्याची तारीख टळली तर येणारे कॉलही बंद होतात का, आणि किती दिवसांनी नंबर जातो, हे स्पष्ट विचारावे. सहा महिने किंवा वर्षाचे पैसे एकदम भरल्यास एखादा महिना जास्त मिळतो, पण नवख्या माणसाने त्या मोहात पडू नये. पहिले दोन-तीन महिने महिन्याच्या हिशेबाने घ्यावेत. शक्य असेल तर त्यातला एखादा पावसाळ्याचा असावा. डिपॉझिट, बसवण्याचा खर्च आणि पेटीची मालकी या तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात.

पाचवी पायरी: जोडणीच्या दिवशी

ओएनटी कुठे बसवायची हे तंत्रज्ञ येण्यापूर्वीच ठरवावे, कारण तो सहसा दारापासून सर्वांत जवळच्या भिंतीवर ती बसवून मोकळा होतो. फोन वयस्कर माणसांसाठी असेल तर तो त्यांच्या बिछान्याजवळ किंवा बसायच्या जागेजवळ वाजला पाहिजे. पेटी लांब असली तरी चालते. तिच्यापासून फोनची साधी दोन तारांची वायर हव्या त्या खोलीपर्यंत नेता येते. घरात जुन्या लँडलाइनची वायरिंग असेल तर तीही वापरता येते, पण बाहेरून येणारी जुनी तांब्याची तार आधी पूर्ण सोडवून घ्यावी. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर पेटी बिघडू शकते. फायबर मात्र कोपऱ्यात घट्ट वाकवू देऊ नये आणि तिच्यावर खिळे ठोकू देऊ नयेत.

पेटीच्या मागे दोन प्रकारची छिद्रे असतात. रुंद छिद्रे लॅनची. अरुंद छिद्र फोनचे, त्यावर टेल, फोन किंवा पॉट्स असे काहीतरी लिहिलेले असते. फोनची पिन अरुंद छिद्रातच घालावी. डायलटोन येतो पण नंबर लागत नाही अशी तक्रार जुन्या हँडसेटबाबत हटकून येते. तिचे कारण बहुधा एवढेच असते की फोन पल्स पद्धतीवर आहे आणि पेटीला टोन लागतो. हँडसेटच्या खाली किंवा बाजूला छोटा खटका असतो, तो टोनवर न्यावा. फिरवायच्या चकतीचा जुना काळा फोन हौसेने लावायचा असेल तर त्यावर आलेले कॉल घेता येतील, पण नंबर फिरवून कॉल लागेलच असे नाही.

तंत्रज्ञ घरातून जाण्यापूर्वी चार कॉल करून पाहावेत. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना १५ जानेवारी २०२१ पासून दहा अंकांच्या आधी शून्य लावावा लागतो. घरातल्या वयस्करांना हे लिहून फोनशेजारी चिकटवून द्यावे. शहरातल्या दुसऱ्या लँडलाइनला लावून पाहावे आणि गावातल्या गावातही ०२३१ लावावा लागतो का ते पाहावे. इचलकरंजीला लावताना ०२३० लागतो, हे नव्याने आलेल्यांना ठाऊक नसते. मग मोबाइलवरून ०२३१ आणि सात अंकी नंबर लावून घंटा किती जोरात वाजते ते ऐकावे. शेवटी अडॅप्टर काढून यूपीएसवर फोन चालतो का ते तंत्रज्ञासमोरच तपासावे. परदेशातल्या नातेवाइकांना नंबर देताना शून्य वगळून ९१, मग २३१ आणि पुढचे सात अंक असा द्यावा.

दुकाने आणि कारखाने

गुजरीतली पेढी, गांधीनगरचे कापड दुकान, मार्केट यार्डातली गुळाची अडत किंवा उद्यमनगरातले वर्कशॉप यांचा हिशेब घरापेक्षा वेगळा आहे. बिलबुकावर आणि पाटीवर छापलेला स्थिर नंबर मालक बदलला, मुनीम बदलला तरी तोच राहतो, आणि त्यासाठी महिन्याला शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी ते जास्त नाहीत. पण घरगुती प्लॅनच्या अटींत व्यावसायिक वापराला बहुधा मनाई असते, म्हणून जोडणी दुकानाच्या नावे, व्यावसायिक प्लॅनमध्येच घ्यावी. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक टाकून घ्यावा. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यात इंटरकॉमची यंत्रणा असेल तर ओएनटीची फोनलाइन तिला बाहेरची लाइन म्हणून जोडता येते, मात्र एका वेळी एकच कॉल चालतो. दोन-चार कॉल एकदम हवे असतील तर कंपनीकडे एसआयपी ट्रंक, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक कॉल चालवणारी सेवा, मागावी. फॅक्स अजून वापरात असेल तर तो या लाइनवर अडखळू शकतो. आधी पाठवून पाहावा.

सहावी पायरी: पहिले महिने, तक्रार आणि जोडणी बंद करणे

फोन मुका झाला की आधी पेटीवरचे दिवे पाहावेत. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबर तुटली आहे किंवा पिन सैल झाली आहे. आपण काही करू नये, तक्रार नोंदवावी. तो लाल नसेल, इंटरनेट चालू असेल आणि फक्त फोन बंद असेल, तर पेटी दोन मिनिटे बंद करून पुन्हा सुरू करावी आणि दुसरा हँडसेट लावून पाहावा. तरीही डायलटोन नसेल तर दोष कंपनीच्या बाजूच्या नोंदणीत असतो आणि तो फोनवरूनच दुरुस्त होऊ शकतो. आवाज तुटत असेल तर त्या वेळी घरात मोठे डाउनलोड चालू आहे का ते पाहावे, पण पुष्कळ कंपन्या फोनसाठी वेगळी वाट राखून ठेवतात, त्यामुळे हे कारण दर वेळी खरे नसते.

तक्रार तोंडी सांगून सोडू नये. प्रत्येक वेळी तिचा क्रमांक घ्यावा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या क्रमांकावर उभ्या असतात. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

दर सहा महिन्यांनी एकदा घरातल्यांना विचारावे की या फोनवरून शेवटचा कॉल कोणी, कधी केला किंवा घेतला. उत्तर देता आले नाही, तर फोनशिवायचा स्वस्त प्लॅन मिळतो का ते पाहावे. कंपनीच बदलायची झाली तर प्लॅनची मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवावे आणि ज्यांच्याकडे जुना नंबर आहे त्यांना नवा कळवून द्यावा. ओएनटी, अडॅप्टर आणि जोडणीबरोबर आलेले सगळे सामान परत देताना त्यावरचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्यावी आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवावी. हँडसेट आणि यूपीएस आपले असतात. ते परत देऊ नयेत, पुढच्या जोडणीला चालतात.